शंटरच्या नावाचं इंजिन

इंजिनाला माणसाचं नाव द्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो इंजिन कोणाचं, हा. आम्ही ड्रायव्हर मंडळी ते चालवतो, रात्री-अपरात्री त्याच्याच कॅबमध्ये डबा उघडतो, आवाज जरा बदलला तरी ओळखतो, त्यामुळे ते आपलंच वाटत असतं. कागदावर तसं नसतं. इंग्लंडमध्ये मालगाड्या ओढणारी बरीच इंजिनं भाडेकरारावर असतात. मालकी एका कंपनीची, गाड्या चालवणार दुसरी, देखभाल काही ठिकाणी तिसऱ्याच कोणाची. चार बोल्टांवर बसणारी पाटी लावायची तरी या सगळ्यांचा होकार हवा. तो कसा मिळाला आणि मधे काय काय घडलं ते सविस्तर लिहितोय, कारण आम्ही सुरुवात केली तेव्हा हे सांगणारं कोणी आम्हाला भेटलं नव्हतं.

मी डर्बिशर भागात मालगाडी चालवतो. इथल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत चुनखडीच्या मोठाल्या खाणी आहेत. तिथला दगड आणि खडी गाड्या भरभरून मँचेस्टरकडे जाते, पार लंडनपर्यंतही जाते. इंजिनं बहुतेक क्लास ६६ जातीची. कॅनडात बांधलेली, १९९८ पासून इथे यायला लागलेली, सव्वाशे टनांच्या वर वजनाची. छपराच्या आकारामुळे इथले रेल्वेवेडे त्यांना ‘शेड’ म्हणतात.

आमच्या यार्डात एक शंटर होता. २०२० च्या वसंतात कोविडने गेला. त्या दिवसांत प्रवासी गाड्या जवळजवळ रिकाम्या धावत होत्या, पण मालगाड्या थांबल्या नव्हत्या आणि त्यामुळे यार्डही थांबलं नव्हतं. अंत्यविधीला घरातल्या मोजक्या माणसांनाच जाता येत होतं. ज्याच्याबरोबर आम्ही वर्षानुवर्षं काम केलं, त्याला निरोप द्यायला आमच्यातलं कोणीही जाऊ शकलं नाही. ही गोष्ट सगळ्यांनाच लागून राहिली होती. पुढचं सगळं त्यातून सुरू झालं.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या बायकोने तसं सांगितलं आहे. तिला मी पहिल्यापासून मनात वहिनीच म्हणतो, तेव्हा इथेही वहिनीच म्हणेन. त्यांचं म्हणणं असं की नाव इंजिनावर आहे, ज्याला वाचायचं त्याने ते इंजिन समोर आलं की वाचावं.

शंटर काय करतो हे रेल्वेबाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. गाडी जोडणं आणि सोडणं हे त्याचं काम. इंजिन आणि वॅगन यांच्या मधल्या फटीत वाकून शिरायचं, स्क्रू कपलिंग उचलून हुकात अडकवायचं, फिरवून आवळायचं, मग हवेचे दोन होज जोडायचे. लाल तोंडाचा ब्रेकपाइप, पिवळ्या तोंडाचा मुख्य टाकीचा. कॉक उघडायचे, शेवटच्या वॅगनपर्यंत चालत जाऊन हवा पोचली का ते बघायचं, शेपटीचा दिवा लावायचा. हे पावसात, बर्फात, पहाटे तीनला. पण माझ्या दृष्टीने त्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे त्याचा आवाज. मी गाडी मागे ढकलत असतो तेव्हा मला गाडीचं शेवटचं टोक दिसत नाही. तो तिथे उभा राहून रेडिओवर मोजत असतो: दहा वॅगन, पाच, तीन, दोन, एक, अर्धी, थांब. मोजणं सतत चालू राहायला हवं. आवाज मधेच तुटला की ड्रायव्हरने जिथल्या तिथे गाडी उभी करायची, हा नियम आहे. म्हणजे हजार-दीड हजार टन मी एका माणसाच्या आवाजावर हलवतो. त्याचा आवाज ऐकताना मला कधी ब्रेकवरचा हात आखडावा लागला नाही.

हे काम मी लहानपणापासून बघत आलोय. आमचे अण्णा इगतपुरीला सांधेवाले होते. तेव्हा इगतपुरीच्या वर मनमाड-भुसावळकडे २५,००० व्होल्टचा एसी आणि खाली मुंबईकडे १,५०० व्होल्टचा डीसी, त्यामुळे दोन्हीवर चालणारी इंजिनं येईपर्यंत गाड्यांची इंजिनं इगतपुरीतच बदलावी लागत. शिवाय थळ घाटात ३७ ला १ चा चढ, त्यामुळे कसाऱ्याहून मागे लावलेली बँकर इंजिनं वर आली की सोडायची. दिवसभर जोडा आणि सोडा. आमच्या क्वार्टरमध्ये अण्णांच्या शर्टाला कायम ग्रीसचा वास असे. १९६१ मध्ये चित्तरंजनला बांधलेलं, नेहरूंच्या हस्ते रुळावर आलेलं ‘लोकमान्य’ नावाचं इंजिन त्यांनी कितीदा तरी जोडलंय, ते अभिमानाने सांगतात. मोठ्या माणसांची नावं इंजिनांना असतात, तिथेही आणि इथेही. इथे तर राजे, किल्ले, युद्धनौका, शाळा, सगळ्यांची नावं इंजिनांवर येऊन गेली आहेत. इंजिन जोडणाऱ्याचं नाव इंजिनावर असावं हा विचार माझ्या डोक्यात आला त्याचं मूळ अण्णांच्या त्या शर्टात आहे, असं मला वाटतं.

मेस रूममध्ये विषय निघाला तेव्हा बाकं, झाड, भिंतीवरची पाटी अशा सूचना आल्या. मी इंजिन म्हणालो. बहुतेकांना पटलं. एका जुन्या ड्रायव्हरला मात्र पटलं नाही आणि त्याने ते तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, “इंजिनावर नाव अ‍ॅक्सनसारख्या माणसाचं असतं. आपला माणूस चांगला होता, पण आजाराने गेला. ह्याला नाव दिलं तर कोणाकोणाला देणार?”

तो ज्याच्याबद्दल बोलत होता ते जॉन अ‍ॅक्सन या भागातल्या प्रत्येक रेल्वेवाल्याला माहीत आहेत. स्टॉकपोर्टच्या इंजिन-डेपोचे ड्रायव्हर. ९ फेब्रुवारी १९५७ ला ते बक्स्टनहून वॉरिंग्टनकडे मालगाडी घेऊन निघाले. वाफेचं इंजिन, मागे तेहतीस वॅगन आणि गार्डची ब्रेकव्हॅन. चढ चढत असतानाच वाफेच्या ब्रेकचा पाइप तुटला आणि कॅब उकळत्या वाफेने भरली. ब्रेक गेला, आणि त्या वाफेमुळे इंजिनाची वाफ बंद करायच्या रेग्युलेटरपर्यंत हात पोचेना. पुढे माथा आणि माथ्यानंतर ५८ ला १ चा लांबलचक उतार. त्या काळच्या बहुतेक मालगाड्यांना इंजिनापासून शेवटच्या वॅगनपर्यंत चालणारा ब्रेक नसे. प्रत्येक वॅगनचा हातब्रेक वेगळा, खाली उतरून दांडा दाबून लावायचा. अ‍ॅक्सननी भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आपल्या फायरमनला, रॉन स्कॅनलनला, उडी मारून जमतील तेवढे ब्रेक लावायला सांगितलं. त्याने उडी मारली, काही लावलेही, पण तोवर गाडीने वेग घेतला होता. अ‍ॅक्सननाही उडी मारता आली असती. ते कॅबच्या बाजूला लटकून राहिले आणि डव्ह होल्सच्या सिग्नलमनला गाडी सुटल्याचं हात हलवून कळवत पुढे गेले. चॅपल-एन-ले-फ्रिथला पुढच्या मालगाडीवर त्यांची गाडी मागून आदळली. त्यात ते गेले. सरकारने मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं, ते आता यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात आहे. १९८१ मध्ये लंडनच्या युस्टन स्टेशनवर एका क्लास ८६ विजेच्या इंजिनाला त्यांचं नाव दिलं गेलं: ‘ड्रायव्हर जॉन अ‍ॅक्सन जीसी’. पुढे ते इंजिनावरून उतरलं, आणि २००७ मध्ये, अपघाताला पन्नास वर्षं झाली तेव्हा, बक्स्टनच्या मार्गावर धावणाऱ्या एका डिझेल गाडीला पुन्हा लावलं.

या गोष्टीचा मान मी कोणापेक्षाही कमी ठेवत नाही. घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसाला सुटलेली गाडी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पण त्या जुन्या ड्रायव्हरला मी एकच विचारलं. त्या दिवशी दोन रेल्वेवाले गेले होते, दुसऱ्याचं नाव तुला आठवतं का? त्याला आठवत होतं. जॉन क्रीमर. पुढच्या गाडीचे गार्ड. ते आपल्या गाडीच्या शेवटी, ब्रेकव्हॅनमध्ये, आपल्या कामावर होते. मागून काय येतंय याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, पराक्रम करायला त्यांना क्षणही मिळाला नाही. म्हणून त्यांची नोकरी कमी मोलाची होती का? आमचा शंटरही कामावर येत राहिला म्हणूनच त्या वसंतात दगड, सिमेंट, कचरा, सगळं वेळेवर हललं. पराक्रमाला नाव द्यावंच. पण रोजच्या कामालाही एखादं इंजिन मिळायला हवं, आणि ते मागायचं कोणी तर त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांनीच. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “पत्र लिहिशील तेव्हा माझी सही पहिली घे.”

पत्रात मी अ‍ॅक्सन यांचा दाखला दिला, आणि सोहॅमचाही. तिथे १९४४ च्या जूनमध्ये बाँब भरलेल्या गाडीच्या पहिल्या वॅगनला आग लागली, तेव्हा ड्रायव्हर बेंजामिन गिम्बर्ट आणि फायरमन जेम्स नाईटॉल यांनी ती वॅगन बाकीच्या गाडीपासून सोडवून पुढे नेली. स्फोटात नाईटॉल आणि सोहॅमचा सिग्नलमन फ्रँक ब्रिजेस गेले, गिम्बर्ट वाचले, गाव वाचलं. गिम्बर्ट आणि नाईटॉल या दोघांना जॉर्ज क्रॉस मिळाला आणि दोघांच्या नावांची इंजिनं झाली, आधी क्लास ४७, नंतर क्लास ६६. म्हणजे आमच्याच जातीच्या इंजिनांवर कामगारांची नावं आधीपासून आहेत हे दाखवता आलं. पण पत्राचा मुख्य भाग आमच्या माणसाच्या कामाचा होता. त्याने किती जणांना शिकवलं, त्याच्या पाळीत वॅगन रुळावरून उतरल्याचं कोणाला आठवत नाही, नवा ड्रायव्हर घाबरलेला असला की तो रेडिओवर मुद्दाम हळू मोजायचा. ड्रायव्हरांची युनियन अ‍ॅस्लेफ आणि त्याची युनियन आरएमटी, दोन्ही शाखांनी पत्राला पाठिंबा दिला. एरवी दोघांच्या बैठका वेगळ्या असतात. या कामासाठी एका टेबलाशी बसले.

गाड्या चालवणाऱ्या कंपनीने लवकर होकार कळवला. मालक कंपनीच्या दोन अटी होत्या: भाडेकरार संपून इंजिन परत करताना पाट्या काढून घ्यायच्या आणि पत्रा होता तसा करून द्यायचा, आणि कुटुंबाची लेखी संमती जोडायची.

दुसरी अट नसती तरी वहिनींकडे आम्ही जाणारच होतो. मी आणि आमची पाळी लावणारी सुपरवायझर असे गेलो. मला वाटलं होतं की त्या रडतील किंवा आभार मानतील. त्यांनी चहा ठेवला आणि वही-पेन घेऊन प्रश्न विचारायला बसल्या. इंजिन नेहमी याच भागात असेल का? नाही, देशभर कुठेही जाईल. ते घाण होणार, पाटी कोण पुसणार? धुलाईत धुतली जाईल, आमच्या यार्डात आलं की आम्ही पुसू. त्याला अपघात झाला, कोणी त्याच्याखाली आलं, तर बातमीत ह्याचं नाव येईल का? हा प्रश्न आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. बातम्यांत बहुधा गाडीचा क्रमांक येतो, पण नाव येणारच नाही असं वचन देता येणार नाही, असं मी त्यांना खरं तेच सांगितलं. शेवटचा प्रश्न: इंजिन भंगारात गेलं तर पाट्यांचं काय? जुन्या पाट्यांना इथे लिलावात चांगली किंमत येते, संग्रहवाले टपून असतात, हे त्यांना माहीत होतं. “तो लिलावात विकला जायला नको,” असं त्या म्हणाल्या.

म्हणून संमतीच्या कागदावर आम्ही कलम घालून घेतलं. पाट्या कुटुंबाच्या मालकीच्या, इंजिनावर फक्त उसन्या. इंजिनावरून उतरतील तेव्हा एक वहिनींच्या घरी आणि एक आमच्या मेस रूममध्ये. पैसे दोन्ही युनियनच्या लोकांनी आणि यार्डातल्यांनी वर्गणी काढून उभे केले. कंपनी खर्च द्यायला तयार होती, पण पाट्या कुटुंबाच्या राहायच्या तर पैसे आपलेच असावेत असं सगळ्यांचं मत पडलं.

मजकुरावर सर्वांत जास्त चर्चा झाली. पाटीची लांबी अमर्याद नसते. क्लास ६६ च्या बाजूला दारं, हवेच्या जाळ्या, क्रमांक, सूचनांचे फलक सोडून जी सपाट जागा उरते तेवढ्यातच बसवायची, आणि अक्षरं पलीकडच्या फलाटावरून वाचता यायला हवीत. ‘च्या स्मरणार्थ’ असं काही घालावं असं काहींना वाटत होतं. वहिनी नको म्हणाल्या. त्यांना मृत्यूचं सालही नको होतं. वरच्या ओळीत पूर्ण नाव, खालच्या लहान ओळीत ‘शंटर’ आणि नोकरीची सुरुवातीची व शेवटची सालं, एवढंच ठरलं. शंटर हा शब्द वर, नावाच्या आधी हवा होता असं मला वाटत होतं, जसा अ‍ॅक्सन यांच्या पाटीवर ड्रायव्हर आहे. पण त्याचं नावच लांब होतं आणि एका ओळीत ते बसेना.

पाट्या ओतताना बघायला मला फौंड्रीत जाऊ दिलं, हे माझं भाग्य. छोटीशी जागा, पाच-सहा माणसांची. पॅटर्नवर, म्हणजे वाळूत साचा उमटवायच्या नमुन्यावर, अक्षरं सुटी चिकटवलेली होती. प्रत्येक अक्षराच्या कडेला किंचित उतार दिलेला, नाहीतर वाळूतून पॅटर्न उचलताना कडा मोडतात. सगळा पॅटर्न हव्या मापापेक्षा थोडा मोठा, कारण अ‍ॅल्युमिनियम थंड होताना आकसतं, मीटरला साधारण तेरा मिलिमीटर. अक्षरांतलं अंतर पट्टीने सारखं ठेवलं तर डोळ्याला असमान दिसतं, म्हणून ते काम तिथला म्हातारा पॅटर्नवाला नजरेनेच करत होता. एक अक्षर त्याने केसभर सरकवलं, मागे जाऊन बघितलं, परत सरकवलं. मग त्याने मला नाव मोठ्याने एकेक अक्षर करून वाचायला लावलं, आणि त्यानंतर शेवटून पहिल्याकडे. उलटं वाचलं की चूक लपत नाही, असं तो म्हणाला. वहिनींनी लिहून दिलेला कागद हातात धरून मी दोन्ही बाजूंनी वाचलं.

वाळू भरून, ठोकून, पॅटर्न अलगद उचलला. साच्यात त्याचं नाव उलटं उमटलं होतं. एका अक्षराच्या पोटातला वाळूचा कोपरा ढासळला. मोल्डिंगवाल्याने चमच्याएवढं एक हत्यार घेतलं, चिमूटभर ओली वाळू लावली, दाबली, घासली, आणि फुंकणीने उरलेले कण उडवले. रस ओतायला मात्र काही क्षणच लागले. सातशे अंशांच्या वर तापलेलं अ‍ॅल्युमिनियम दुधासारखं पांढरट दिसतं आणि आवाज न करता आत जातं. बाहेर काढलेली पाटी आधी अगदी ओबडधोबड, कडेला रायझरचे, म्हणजे जादा धातूचे, गठ्ठे, अंगभर वाळू. ती कापून, घासून, मागची जमीन काळी रंगवून अक्षरांचे माथे घासून चमकवले तेव्हा ती पाटी झाली. मोल्डिंगवाल्याने त्या माणसाबद्दल मला एकही प्रश्न विचारला नव्हता. पाटी गुंडाळून देताना त्याने विचारलं, “अ‍ॅक्सिडेंट का?” मी म्हटलं, कोविड. त्याने मान हलवली आणि आपल्या भावाचंही सांगितलं.

लावण्याचं काम इंजिनिअरिंगच्या परवानगीने होतं. वजन, जाडी, बोल्टांची जागा, सैल होऊ नयेत म्हणून कुलपी नट, कोपरे गोल, बाहेर किती येते त्याचं माप. पाटी अ‍ॅल्युमिनियमची आणि इंजिनाचा पत्रा पोलादी. दोन धातू एकमेकांना टेकले आणि मधे पाणी शिरलं की गंज धरतो, म्हणून मधे रबराचा थर घालायला सांगितला. आमच्या फिटरने तो इतका नेमका कापला की पाटीबाहेर धागाभरही दिसत नाही.

कार्यक्रमाचा दिवस यार्डातच ठेवला. स्टेशनवर थाटात झालं असतं, पण तो स्टेशनवर कधी काम करत नव्हता. एक रूळ दिवसभरासाठी बंद करून घेतला, चालायची वाट आखली, पाहुण्यांना केशरी जाकिटं दिली आणि सुरक्षिततेच्या सूचना वाचून दाखवल्या. वहिनींच्या नातवाच्या गुडघ्यापर्यंत जाकीट येत होतं. पाटीवर हिरवा पडदा आणि दोरी. भाषणं थोडक्यात. अ‍ॅक्सनचं नाव काढणारा तो ड्रायव्हर बोलला आणि चांगलं बोलला. त्याने फक्त पहाटेच्या एका पाळीचं वर्णन केलं, पहिल्या वॅगनपासून शेवटच्या दिव्यापर्यंत. वहिनींनी दोरी ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम तिथे संपायचा होता. पण वहिनींनी आधीच आम्हाला एक विनंती करून ठेवली होती. इतकी वर्षं नवरा कामावर काय करतो हे त्यांनी फक्त ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. त्यांना गाडी जोडताना पाहायचं होतं. त्यासाठी वेगळी परवानगी काढली, सगळे कुंपणाच्या आत सुरक्षित जागी उभे केले आणि रेडिओ स्पीकरला जोडला. मी कॅबमध्ये चढलो. बाहेर वॅगनपाशी जी शंटर उभी होती, तिला त्यानेच शिकवलं होतं. इंजिन सुरू झालं. क्लास ६६ चं इंजिन दोन स्ट्रोकचं, त्याचा घुमणारा आवाज छातीत लागतो. मग रेडिओवर तिचं मोजणं सुरू झालं. पाच. तीन. दोन. एक. तिची मोजायची लय तीच होती, ‘अर्धी’च्या आधी जरासं रेंगाळायची. मी हळूहळू मागे घेत गेलो आणि ती थांब म्हणाली तिथे बफर टेकले. तिने कपलिंग चढवलं, आवळलं, होज जोडले, बाहेर येऊन हात वर केला. वहिनी तिच्याकडे गेल्या आणि तिचे हात हातात घेऊन बघितले, ग्रीससकट.

अण्णांना मी त्या रात्री फोन केला. फोटो आधीच पाठवले होते. ते म्हणाले, “सांधेवाल्याचं नाव? साहेबाचं नाही?” मी म्हटलं, “सांधेवाल्याचंच, अण्णा.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “हूक कोणता आहे रे, स्क्रूचाच का?” आणि मग आम्ही कपलिंगवर बोलत बसलो. रत्नागिरी स्टेशनजवळ कोकण रेल्वे बांधताना गेलेल्यांचं श्रमशक्ती स्मारक आहे, ते आम्ही दोघांनी पूर्वी एकदा बरोबर पाहिलं होतं. त्याचीही आठवण त्यांनी काढली.

आता ते इंजिन कुठेही असतं. कधी आमच्या दगडाच्या गाडीला, कधी दूर साउथॅम्प्टनकडे कंटेनर ओढत. कंट्रोलच्या कागदावर क्रमांकच असतो, पण ड्रायव्हर आपापसांत त्याच्या नावाने बोलतात. ‘आज मला तो मिळाला’, असं ऐकू येतं. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही असे दुसऱ्या डेपोचे लोकही तसंच म्हणतात, आणि कोणीतरी विचारतंच, हा कोण होता? मग ज्याला माहीत असेल तो सांगतो. मला हेच हवं होतं. रेल्वेचे फोटो काढत फिरणारे लोक वहिनींच्या नातवाला फोटो पाठवतात. त्याने भिंतीवर नकाशा लावला आहे आणि त्यात टाचण्या टोचतो.

अलीकडे दुसऱ्या एका यार्डातून मला विचारणा आली. त्यांचा माणूस सिग्नल दुरुस्तीतला होता. मी त्यांना आमचं पत्र, संमतीच्या कागदाची प्रत, इंजिनिअरच्या अटी आणि फौंड्रीचा पत्ता पाठवला आहे. आणि कळवलं आहे की मालकाला लिहिण्याआधी त्याच्या घरी जा, वही-पेन घेऊन, आणि भंगाराचा प्रश्न त्यांनी विचारला नाही तरी तुम्ही स्वतःहून काढा.